वहीतला गूळ

भाचीच्या लग्नाचा अल्बम अडला म्हणून शाहूपुरीतल्या त्या स्टुडिओत गेलो, तर पडद्यावर वऱ्हाडाऐवजी विरामचिन्हं जमलेली. फोल्डरवर प्रश्नचिन्ह, प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात उद्गारचिन्ह. माझ्या पोटात गोळा आला. एडिटरदादा निवांत चहा पीत होते.

"फोटो कुठं जात न्हाईत काका. पत्ता चुकलाय त्यांचा."

दादांच्या फोटो-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे लाइटरूम क्लासिकच्या, कॅटलॉगमध्ये फोटो नसतातच, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. कॅटलॉग म्हणजे अडत्याची वही. कुणाचे गुळाचे किती रवे, कुठल्या गोदामात, एवढंच तिच्यात. फोटो उजळला, कापला, तरी ते वहीतच टिपलं जातं. गूळ गोदामातच. आदल्या दिवशी स्टुडिओतल्या पोरानं हार्डडिस्क काढून पुन्हा लावली, विंडोजनं तिला 'ई'ऐवजी 'एफ' अक्षर दिलं आणि वही रिकाम्या 'ई' गोदामाचं दार ठोठावत बसली. दादांनी राइट क्लिक करून नवी जागा दाखवली. चिन्हं विझली. हळद, देवक, अक्षता, सगळं परत.

पन्हाळ्याचं फोल्डर मात्र तसंच राहिलं. प्री-वेडिंगचे ते फोटो कुणीतरी 'क्लाउडवर हाईत की' म्हणून डिस्कवरून पुसले होते. मोबाइलवर दिसतही होते: तीन दरवाजा, तटबंदी, भाचीची उडती ओढणी. दादांनी कप खाली ठेवला.

"2560," ते म्हणाले.

क्लासिकमधून क्लाउडवर मूळ फोटो जात नाही. जातो तो हलका नमुना, लांब बाजू 2560 पिक्सेलची. मूळ फोटो 6000 चा. चांगल्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल लागतात. 2560 मध्ये जेमतेम साडेआठ इंच. आणि अल्बमचं उघडं पान बारा बाय छत्तीसचं! 'सिंक झालंय' म्हणणं मला तर मुखदर्शन घेऊन गाभाऱ्यात जाऊन आलो म्हणण्यासारखं वाटतं.

रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं. त्या जागेवर दुसऱ्या दोन लग्नांचे व्हिडिओ बसले होते.

मांडणीवर एक गंजलेली डिस्क आहे, अजून गाळाचा वास येतो तिला. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा 55 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 43. पाणी दुकानात शिरलं. "किती जणांची लग्नं बुडाली हिच्यात," दादा म्हणतात, आणि ती टाकून देत नाहीत. तेव्हापासून दुसरी प्रत घरी, वरच्या मजल्यावर. तीही मागवली. तिच्यात लग्न होतं, पन्हाळा नव्हता.

"2560," दादा पुन्हा पुटपुटले, आणि पान नव्यानं मांडायला बसले.

आता त्या पानावर आठ-आठ इंचांचे तीन फोटो आहेत, भोवती भरपूर पांढरी जागा. भाचीला डिझाइन फार आवडलं.