चमक ५० मायक्रॉनची

गाडीचा रंग किती जाड असतो? शोरूमच्या दिव्याखाली बॉनेटमध्ये आपला चेहरा स्वच्छ दिसला की वाटतं, चांगला दणदणीत लेप दिला असणार. प्रत्यक्षात पत्र्यावरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. माणसाचा केस सरासरी ७० मायक्रॉनचा. दोन केस एकावर एक ठेवा, अख्खा रंग झाला! एवढ्याशा जाडीत बहुतेक गाड्यांवर चार थर असतात. तळाला गंज रोखणारा थर, गाडीचा पूर्ण सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या मदतीने चढवलेला. त्यावर प्रायमर. मग जेमतेम १५-२० मायक्रॉनचा रंग. आणि सगळ्यात वर ४०-५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट.

चकाकी असते ती या शेवटच्या थराची. पॉलिश, कोटिंग, चरे, कबुतरांचा प्रसाद, सगळं काही घडतं ते त्याच्यावरच. म्हणून गाडीवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने हा ५० मायक्रॉनचा हिशोब एकदा समजून घ्यायलाच हवा.

पॉलिश म्हणजे वजाबाकी

पॉलिश मारली की गाडीवर काहीतरी ‘चढतं’ असा सार्वत्रिक समज आहे. चढत काहीच नाही, उतरतं! पॉलिशमध्ये बहुधा अॅल्युमिनिअम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असतात. ते चरा भरत नाहीत, तर चऱ्याच्या दोन्ही बाजूंचा क्लिअर कोट घासून त्याच्या तळाच्या पातळीला आणतात. पृष्ठभाग सपाट झाला की प्रकाश इकडेतिकडे न विखुरता सरळ परततो आणि गाडी आरसा होते. हलक्या हाताच्या पॉलिशमध्ये एखाद-दोन मायक्रॉन जातात, कटिंग कंपाऊंड लावून मशीन फिरवलं की त्याहून जास्त.

शिवाय सूर्याची अतिनील किरणं अडवणारी द्रव्यंही याच क्लिअर कोटमध्ये मिसळलेली असतात. तो फार पातळ झाला की काही वर्षांनी छताचे आणि बॉनेटचे पापुद्रे निघू लागतात. त्यामुळे दर दिवाळीला रबिंग-पॉलिश करून घेण्याची सवय मला मुळीच पटत नाही. नख फिरवून पाहा: चऱ्यात नख अडकलं, तर तो पॉलिशने पूर्ण जाणार नाही. हट्टाने घालवायला गेलात, तर चऱ्याबरोबर क्लिअर कोटही जाईल.

गाड्या चमकवून देणाऱ्या चांगल्या डिटेलरच्या खिशात म्हणूनच रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र असतं. जुनी गाडी घेतानाही ते फार उपयोगी. एका दारावर १२० आणि शेजारच्या दारावर ६०० मायक्रॉन दिसले, तर दुसऱ्या दाराने पोचा खाल्लाय, त्यावर लांबी भरून पुन्हा रंग मारलाय, हे मालकाने न सांगताही कळतं.

गोल दिसणारे सरळ चरे

काळ्या गाडीवर ऊन पडलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात. गॅरेजमध्ये त्यांना स्वर्ल म्हणतात. गंमत म्हणजे यातले बहुतेक चरे गोल नसतातच! ते आडवेतिडवे, सरळ, कसेही पडलेले असतात. पण दिव्याच्या दिशेला काटकोनात असलेला चराच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे फेकतो, बाकीचे लपून राहतात. असे निवडक चरे उजळले की दिव्याभोवती वर्तुळ तयार होतं. दिवा सरकवा, वर्तुळही सरकेल. घरात रोज घासल्या जाणाऱ्या स्टीलच्या ताटावर टॉर्च धरा, हुबेहूब हाच खेळ दिसेल.

हे चरे येतात कुठून? बहुतेक वेळा रोजच्या पुसण्यातून. सोसायटीत पहाटे एक बादली आणि एक फडकं घेऊन दहा-पंधरा गाड्या पुसल्या जातात. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. पहिल्या गाडीची वाळू फडक्यात बसते आणि पंधराव्या गाडीपर्यंत सगळ्यांवर फिरते. यात पुसणाऱ्या माणसाचा काहीच दोष नाही. त्याला दुसरी बादली आणि दोन-चार मायक्रोफायबर कापडं आपण आणून द्यावीत. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत कापड खळबळायचं साधं पाणी, आणि पुसण्याआधी गाडीवर पाण्याची धार. बस, एवढंच. कोरड्या धुळीवरून फडकं फिरवण्यापेक्षा गाडी धुळकट राहिलेली बरी.

आणि भांड्यांचा साबण? तो चिकट तेल काढायला बनलेला आहे. गाडीवरचं वॅक्सही तो इमानदारीने काढून टाकतो.

तेव्हा गाडी रंगवायला आठवडे लागत

घोडागाड्यांच्या जमान्यातून आलेली पद्धत अशी की व्हार्निशचा एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, मग पुढचा हात. सुरुवातीच्या मोटारींचा रंग पुरा व्हायला कित्येक आठवडे जात. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळी मिळायची हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण १९०८ साली ती बाजारात आली तेव्हा करडी, हिरवी, लाल अशी मिळे आणि काळीच नेमकी मिळत नसे! पुढे काळा रंग आला, कारण तो स्वस्त होता आणि टिकाऊ होता.

रंगाला लागणाऱ्या या वेळाची कोंडी फुटली ती नायट्रोसेल्युलोजमुळे. स्फोटकांत आणि तेव्हा सिनेमाच्या फिल्ममध्येही वापरलं जाणारं हे रसायन. ड्यूपॉन्ट आणि जनरल मोटर्सने त्यापासून ड्यूको नावाचं लॅकर बनवलं आणि १९२४च्या ओकलँड गाडीवर ते निळ्या रंगात झळकलं. आठवड्यांचं काम तासांवर आलं. जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांचा एक किस्सा सांगतात. रंग इतक्या झटपट वाळणं अशक्य आहे, असं सांगणाऱ्या पाहुण्याला त्यांनी जेवायला नेलं. जेवून परत आल्यावर पाहुण्याला आपली गाडी सापडेना. तेवढ्या वेळात तिचा रंगच बदलला होता!

या लॅकरला चकाकी आणायची तर ते घासावंच लागे, त्यामुळे पॉलिशचा धंदाही जोरात चालला. ड्यूकोने चित्रकलाही सोडली नाही. मेक्सिकन चित्रकार सिकेरोस यांनी १९३६ साली न्यूयॉर्कच्या आपल्या कार्यशाळेत हा गाडीचा रंग ओतून, शिंपडून प्रयोग केले. तिथे शिकायला आलेल्या तरुणांत एक होता पुढे रंग शिंपडून काढलेल्या चित्रांसाठी गाजलेला जॅक्सन पोलॉक.

वॅक्ससाठी विमानमोहीम

गाडीच्या वॅक्समधला राजा म्हणजे कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर हा मेणाचा थर येतो. कोरड्या हवेत पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडाने केलेली ही सोय. पानं वाळवून, झोडपून मेण काढतात. ते ८० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे उन्हात तापलेल्या बॉनेटवरही टिकाव धरतं. १९३५ साली अमेरिकेतल्या जॉन्सन वॅक्स कंपनीचे प्रमुख एच. एफ. जॉन्सन (धाकटे) केवळ या झाडांचा शोध घ्यायला विस्कॉन्सिनहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने थेट ब्राझीलला गेले. हेच मेण गोळ्या-चॉकलेटांना तकाकी आणायलाही वापरतात. पाकिटावर ई९०३ दिसलं, तर समजा की गाडीवरचं वॅक्स तुमच्या तोंडातही आहे.

हिऱ्याची नव्हे, पेन्सिलची परीक्षा

सिरॅमिक कोटिंगच्या जाहिरातीत ‘९एच कडकपणा’ असं ठळक छापलेलं असतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं, हिऱ्याच्या खालोखालच काहीतरी. खनिजांच्या मोह्‌स मापनश्रेणीशी याचा काही संबंध नाही. ही पेन्सिलची परीक्षा आहे! एचबी, २एच, ४एच अशा चढत्या कडकपणाच्या पेन्सिली थरावर ओढायच्या आणि कोणती चरा पाडते ते पाहायचं. शेवटची पेन्सिल ९एच. तीही चरा पाडू शकली नाही, तर कोटिंग उत्तीर्ण. कोटिंग चांगलं असतंच. पाणी त्यावर थेंब होऊन घरंगळतं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं जातं. पण किल्लीचा ओरखडा ते अडवत नाही, आणि तसं सांगून पैसे घेणं गैर आहे.

ओरखडा आणि उडणारी खडी अडवायची असेल तर पीपीएफ ही जाड पारदर्शक फिल्म लागते. तिचा उगम हेलिकॉप्टरची पाती वाळूपासून वाचवण्याच्या लष्करी गरजेत आहे. निसानने तर २००५ साली स्वतःच स्वतःला बरा करणारा क्लिअर कोट जाहीर केला. त्याच्यावरचे बारीक चरे एका दिवसापासून आठवड्याभरात भरून येतात, आणि उबेत लवकर.

रंगच नको म्हणणारे

डिलोरिअन ही १९८१ची गाडी ब्रश केलेल्या स्टेनलेस स्टीलची, रंगाशिवाय विकली गेली. बारीक ओरखडा आला तर रेघांच्या दिशेने घासणीसारखं पॅड फिरवायचं, काम झालं. याच्या उलट टोकाला बीएमडब्ल्यूने २०१९ साली एक्स-६ गाडी व्हँटाब्लॅकच्या एका प्रकाराने माखली. जवळपास सगळा प्रकाश गिळणारा तो काळेपणा. परावर्तन गेलं आणि गाडीची वळणंच दिसेनाशी झाली, नुसती सपाट सावली! चमक गाडीला आकार कसा देते, ते या गाडीइतकं स्पष्ट कुणीच दाखवलेलं नाही.

दसरा, हळद आणि तार

कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपती घराण्याची भगव्या रंगाची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा लोक तिच्याकडे डोळे भरून पाहतात. त्याच दिवशी आपल्याही गाड्यांची पूजा होते. पूजा थाटात करावी, फक्त हाराची तार बॉनेटला घासणार नाही एवढं पाहावं. दोरा वापरला तर उत्तमच. पांढऱ्या गाडीवर हळदीचा डाग राहिला तरी काळजी नको, हळदीचा पिवळेपणा उन्हात टिकत नाही. कुंकू मात्र त्याच दिवशी पाण्याने धुवावं.

खरं भय कबुतरांचं. शिटेतलं आम्ल वाईट असतंच, पण भर दुपारी क्लिअर कोट तापून किंचित मऊ होतो आणि निवताना वाळलेल्या शिटेचा खडबडीतपणा स्वतःवर उमटवून घेतो. मग तिथे कायमचा मंद डाग. खरवडू नका, ओलं कापड दहा मिनिटं ठेवा, मग उचलून घ्या. बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे ठिपके हे क्षारांचे, पातळ केलेल्या व्हिनेगरने ते सहसा सुटतात.

आणि आता एक प्रयोग, फुकटातला. गाडी धुऊन कोरडी करा. हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि बोटं बॉनेटवरून अलगद फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागलेला रंग पिशवीतून खरखरीत लागेल! ते रंगात रुतलेले कण असतात: ब्रेकचं लोखंड, रेल्वेमार्गाजवळची धूळ, झाडाचा चीक, शेजारच्या बांधकामावरून उडालेला रंग. शाम्पूने ते जात नाहीत. त्यासाठी क्ले बार फिरवतात, जपानमधून आलेला मळलेल्या मातीसारखा लवचिक गोळा, भरपूर ओलाव्यावर. त्याआधी लोखंड काढणारा स्प्रे मारला तर बघण्यासारखं दृश्य होतं. पांढऱ्या गाडीवर दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ येऊ लागतात आणि चाकांवर तर सगळ्यात गडद. गाडीचा रंग उतरत नसतो. स्प्रेमधलं रसायन लोखंडाच्या कणांना धरलं की जांभळं होतं. स्प्रे सावलीत मारा आणि वाळायच्या आत पाण्याने धुऊन काढा.