घर विकायचे आहे? रंगाआधी कागद पाहा

मुलांच्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा एखाद्या अडचणीपायी गावातले घर विकून जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचे औरंगाबाद) बिऱ्हाड हलविणारी कुटुंबे आज गावोगाव दिसतात. घर विकणे हा बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच येणारा व्यवहार असतो. दुकानदाराला रोजच्या विक्रीतून भाव कळतो, घर विकणाऱ्याला तो अनुभव नसतो. त्यामुळे चांगले घरही पडत्या भावात जाते आणि ‘नशिबात तेवढेच होते’ अशी समजूत काढली जाते.

अंबड तालुक्यातील वडीगोद्रीचे उदाहरण घेऊ. हे गाव धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर आहे आणि जालना-अंबडकडून येणारा रस्ता येथेच महामार्गाला मिळतो. भोवती कापूस, ऊस आणि मोसंबीचा मुलूख. अशा नाक्याच्या गावात घराला गिऱ्हाईक मिळत नाही असे सहसा होत नाही. गिऱ्हाईक येते, घर पाहते, पसंतही करते; पण कागद मागितल्यावर मालक कपाटातून ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती काढतो आणि तेथेच बोलणी थंडावतात. पुढे तेच गिऱ्हाईक परत येते ते कमी भाव घेऊन.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. खरेदीदाराच्या मनातील प्रत्येक शंकेची किंमत तो आपल्या घराच्या किमतीतून वजा करतो. म्हणून घर विक्रीला काढण्यापूर्वी तीन-चार महिने हाताशी ठेवून या शंका एकेक करून दूर करणे हीच खरी तयारी होय.

घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे

गावठाणातील घराचा सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा ‘नमुना नंबर 8’ हाच बहुतेकांकडे असलेला कागद. परंतु हा उतारा कर आकारणीचा आहे. कर कोणाकडून घ्यायचा एवढेच तो सांगतो. मालकीचा तो निर्णायक पुरावा नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी 24 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ योजना सुरू केली. तिच्यात ड्रोनने गावठाणाची मोजणी करून प्रत्येक मिळकतीची पत्रिका तयार केली जाते. 18 जानेवारी 2025 रोजी महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मिळून 65 लाखांहून अधिक पत्रिकांचे वाटप झाले. आपल्या घराची पत्रिका तयार झाली आहे काय, तिच्यावरील नाव व क्षेत्रफळ बरोबर आहे काय, हे तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात जाऊन पाहावे. चूक असल्यास ती विक्रीपूर्वीच दुरुस्त करून घ्यावी.

आपण स्वतः हे घर विकत घेतले असल्यास खरेदीखत नोंदणीकृत आहे ना, हे पाहावे. आपल्या भागात बाँड पेपरवर लिहून, साक्षीदारांच्या सह्या घेऊन जागा घेण्याची रीत होती. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार 100 रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नुसत्या करारावर किंवा मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑक्टोबर 2011 रोजी सूरज लँप खटल्यात स्पष्ट केले आहे. घर बाँडवर घेतलेले असेल तर मूळ मालक हयात असतानाच त्याच्याकडून रीतसर खरेदीखत करून घ्यावे. तो गेल्यावर त्याच्या सर्व वारसांच्या दारी जावे लागते.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. निजाम काळातील जुने दस्त उर्दूत आहेत. ते जाणकाराकडून मराठीत भाषांतर करून जोडावेत, कारण खरेदीदाराला वाचता न येणारा कागद त्याच्या दृष्टीने नसल्यासारखाच. जागा खिदमतमाश इनामाची किंवा वक्फची असेल तर प्रश्नच वेगळा; वक्फची मिळकत खाजगी घराप्रमाणे विकता येत नाही. गायरानावर बांधलेल्या घराचेही तसेच. तेथे घरपट्टी कितीही वर्षे भरली तरी जमीन सरकारचीच राहते.

बहिणीची सही राहिली, भाव पडला

आपल्या समाजातील घरांचे भाव सर्वांत जास्त पडतात ते वारसांच्या प्रश्नामुळे. वडील जातात, नमुना नंबर 8 ला थोरल्या मुलाचे नाव लागते आणि घर त्याचेच असे सर्वजण धरून चालतात. परंतु शरीअतनुसार, आणि 1937 च्या शरीअत कायद्यान्वये आपल्या न्यायालयांतही, वारसाचा हिस्सा मृत्यूच्या क्षणीच ठरतो. नोंद कोणाच्या नावे आहे याने तो बदलत नाही.

समजा, वडिलांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे व दोन मुली आहेत. कर्ज आणि पत्नीचा मेहर बाकी असल्यास तोही आधी फेडायचा. उरलेल्या मालमत्तेत हनफी पद्धतीप्रमाणे पत्नीला आठवा हिस्सा आणि बाकी मुलाला दोन, मुलीला एक या प्रमाणात. घराचे 12 लाख रुपये आले तर आईचे दीड लाख, प्रत्येक मुलाचे साडेतीन लाख आणि प्रत्येक मुलीचे पावणेदोन लाख होतात.

आता थोरल्या भावाने एकट्याने खरेदीखत केले तर तो फक्त आपला साडेतीन लाखांचा हिस्सा विकू शकतो. हे आता गावातल्या खरेदीदारालाही ठाऊक आहे. उद्या बहीण न्यायालयात गेली तर काय, या धास्तीने तो एकतर मागे फिरतो किंवा 12 लाखांच्या घराला 8 लाख म्हणतो. म्हणजे दोन्ही बहिणींचे साडेतीन लाख वाचविण्याच्या नादात भाऊ चार लाख घालवून बसतो, आणि त्यांचा हक्क मारल्याचा बोजा शिरावर राहतो तो वेगळाच.

यावर सोपा उपाय आहे. सर्व वारसांनी खरेदीखतावर विक्रेते म्हणून सही करावी आणि प्रत्येकाच्या हिश्श्याची रक्कम त्याच्या स्वतःच्या खात्यावर जमा व्हावी. एखादी बहीण राजीखुशीने आपला हिस्सा सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. पण तिला तिचा आकडा आधी सांगावा. आकडा न सांगता घेतलेली सही म्हणजे राजीखुशी नव्हे. भाऊ आखाती देशात असेल तर तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र मागवावे. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

वारसांत अल्पवयीन मूल असेल तर विशेष सावध राहावे. मुस्लिम कायद्यात आई ही मुलाच्या मालमत्तेची कायदेशीर पालक मानली जात नाही. तिने केलेली अल्पवयीन मुलाच्या हिश्श्याची विक्री त्याला बांधील नसते. हा नियम प्रिव्ही कौन्सिलने 1918 मध्ये इमामबंदी खटल्यात सांगितला आणि तो आजही लागू आहे. अशा वेळी 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयाकडून नेमणूक व परवानगी घ्यावी लागते. यास वेळ लागतो, म्हणूनच तयारी आधीपासून हवी.

वडिलांनी हयातीत तोंडी हिबा करून घर एकाला दिले असेल तर तो हिबा वैध असू शकतो. कागद नोंदविलेला नाही एवढ्यावरून तो रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हफीजा बीबी खटल्यात म्हटले आहे. मात्र देणे, स्वीकारणे आणि ताबा या तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. खरेदीदाराला हा पुरावा दाखविता येत नसेल तर इतर वारसांच्या संमतीची सही घेणेच शहाणपणाचे.

घराची डागडुजी : कोठे खर्च करावा?

कागद मार्गी लागले की घराकडे वळावे. येथे नियम असा की, जेथे गळते तेथे खर्च करावा, जेथे नुसते चमकते तेथे नाही. नवी फरशी किंवा रंगीत छत यांवर घातलेला पैसा सहसा वसूल होत नाही, कारण नवा मालक ते आपल्या आवडीने बदलतो.

माळवदाच्या घरावर पावसाळ्यापूर्वी खारी माती टाकून पन्हळी मोकळ्या कराव्यात. तुळयांना वाळवी लागली असल्यास तेवढे लाकूड बदलावे. स्लॅबच्या घरात वरच्या टाकीची गळती आणि कोबा आधी दुरुस्त करावा. काळ्या मातीवरील घरांना भेगा पडतातच, कारण ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भेग सिमेंटने झाकून वर रंग मारला तर पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. त्यापेक्षा पाया व भोवतीच्या पाण्याचा निचरा गवंड्याकडून तपासून घ्यावा. नळ, मोटार, विजेची बटणे चालू असावीत. घरपट्टी, पाणीपट्टी व वीजबिल भरून पावत्या एका फाईलमध्ये लावाव्यात. अडगळ काढून, चुना देऊन घर उजेडाचे केले तरी पुरते.

भाव आणि वेळ

भाव शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ठरवू नये. दुय्यम निबंधक कार्यालयातून जवळपासच्या अलीकडील विक्रीची ‘सूची क्रमांक 2’ काढावी आणि वार्षिक मूल्य दर तक्ता पाहावा. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत व सरकारी मूल्य यांपैकी जास्त असेल त्यावर लागते, हे खरेदीदार आपल्या हिशेबात धरतो.

आपल्या भागात दिवाळीनंतर कापसाचा आणि पुढे उसाचा पैसा हाती येतो. तेव्हापासून उन्हाळ्यापर्यंत विक्रीस चांगला काळ. लग्नाची तारीख किंवा दवाखान्याची निकड अंगावर आल्यावर विकणाऱ्याला भाव उरत नाही.

कागद स्वच्छ असल्याचा मोठा फायदा असा की, बँकेचे कर्ज घेणारा खरेदीदारही येऊ शकतो. बँकेचा वकील मागील अनेक वर्षांचा शोध घेतो. त्यातून जे घर पार पडते त्याला गिऱ्हाईक वाढते आणि गिऱ्हाईक वाढले की भाव वाढतो. मात्र दस्तात किंमत कमी दाखवून बाकी रोख घेण्याच्या फंदात पडू नये. 1 जून 2015 पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास मनाई असून, दंड तेवढ्याच रकमेइतका होऊ शकतो. इसारही चेकनेच घ्यावा आणि इसार पावतीत मुदत लिहावी.

शेवटी एक गोष्ट. घराचा लपलेला दोष खरेदीदाराला सांगणे हे 1882 च्या कायद्याने विक्रेत्यावर बंधन घातले आहे. माल विकताना ऐब सांगूनच विकावा, ही शिकवण आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. ‘पावसात पूर्वेची भिंत ओलावते, दुरुस्ती केली आहे, बिल हे पाहा’ असे सांगणाऱ्या मालकाच्या बाकीच्या बोलण्यावर खरेदीदार विश्वास ठेवतो. असा मालक ठरलेल्या भावावर ठाम राहू शकतो, आणि घर विकून गावाबाहेर पडताना त्याला मागे वळून पाहावे लागत नाही.