एन्झाइमच्या टाकीत तेल कशासाठी?

सायझिंगची खळ उतरवण्यासाठी प्रोसेसवाले एन्झाइम वापरतात, हे आपल्या कापडवाल्या बंधूंना ठाऊक आहे. हे अमायलेज एन्झाइम बहुधा बॅसिलस जातीचे जिवाणू बंद टाकीत वाढवून काढतात. कॅनमागे आपण जो भाव मोजतो, त्यात टाकीत हवा भरण्याची आणि रस घुसळण्याची वीजही धरलेली असते.

खरी अडचण हवेचीच आहे. जिवाणूंना खाद्य हवे तेवढे घालता येते, पण ३० अंश उष्णतेला एक लिटर पाण्यात हवेतला ऑक्सिजन जेमतेम साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. दाट वाढलेले जिवाणू तो काही सेकंदांत फस्त करतात. म्हणून खालून सतत हवा सोडायची आणि पंख्याने बुडबुडे फोडायचे. पंखा दुप्पट वेगाने फिरवला की वीज साधारण आठपट लागते! धंद्यात हा हिशेब परवडत नाही.

यावरचा नुस्खा म्हणजे पाण्यात न मिसळणारे तेल. डोडेकेन नावाच्या खनिज तेलात पाण्याच्या सुमारे सातपट ऑक्सिजन मावतो. घुसळल्यावर त्याचे बारीक थेंब होतात. थेंब बुडबुड्याजवळ जातो, ऑक्सिजन उचलतो, जिवाणूंजवळच्या पाण्यात उतरवतो आणि रिकामा परत फिरतो. बाजारातला हमालच म्हणा ना. फ्रान्समधील तुलूझच्या संशोधकांनी १९९० साली या रीतीने ऑक्सिजन पोहोचण्याचा वेग साडेतीनपट वाढल्याचे दाखवले.

मात्र तेल असे हवे की जिवाणूंनी ते खाऊ नये आणि त्यांना ते बाधूही नये. शेवटी ते रसातून वेगळे करून पुन्हा वापरता आले पाहिजे. इथेच घोडे अडते, कारण घुसळलेले तेल ताकातल्या लोण्यासारखे सहज वर येत नाही. परफ्लुरोकार्बन द्रवात ऑक्सिजन आणखी जास्त मावतो, पण त्याची किंमत ऐकूनच माणूस मागे सरतो.

हे वाचून रंगाईवाल्या कोणी सांडपाण्याच्या हवेच्या टाकीत तेल ओतू नये. तिथे थेंब बारीक राहत नाहीत, पाण्यावर तवंग धरतो आणि हवा उलट अडते. शिवाय नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात तेल व ग्रीस लिटरमागे १० मिलिग्रॅमच चालते. म्हणून मशीनच्या वंगणाचे तेल टाकीच्या आधीच सापळ्यात अडवावे आणि सापळा वेळेवर उपसावा.