ताळा जुळला, पण पेढी उघडली नाही

वहीचा ताळा जुळला म्हणजे दुकान सज्ज झाले, असे कोणताही व्यापारी मानीत नाही. तराजू खरा हवा, गल्ला उघडायला हवा आणि दिवाळीच्या गर्दीत माणसे पुरायला हवीत. संगणक प्रणालीबाबत हाच विवेक सुटला, तेव्हा ब्रिटनमधील टीएसबी बँकेने २०१८ साली त्याची जबर किंमत मोजली.

लॉइड्स समूहातून वेगळी झालेली ही बँक २०१५ मध्ये स्पेनच्या साबादेल बँकेने विकत घेतली. खाती मात्र लॉइड्सच्याच प्रणालीवर होती आणि तिच्या वापराचा मोबदला द्यावा लागे. साहजिकच नव्या घराची घाई होती. स्थलांतराचा मुहूर्त आधी नोव्हेंबर २०१७चा होता, तो हुकला. अखेर एप्रिल २०१८च्या एका शनिवार-रविवारी सुमारे ५० लाख ग्राहकांची खाती प्रामुख्याने एकाच दमात हलविण्यात आली.

विशेष हे की, खात्यांतील माहिती व्यवस्थित उतरली. पण सेवा सुरू होताच प्रणाली कोलमडू लागली. एका टप्प्यावर १९ लाखांपर्यंत ग्राहकांना आपल्याच खात्यात प्रवेश मिळेना. काहींना तर दुसऱ्याचेच खाते दिसले. शाखांतील कामही विस्कळीत झाले. कारभार पूर्ववत होण्यास डिसेंबर उजाडला.

पुढील चौकशीत मूळ कारण उघड झाले. नव्या प्रणालीची दोन डेटा सेंटरे होती आणि दोघांनी मिळून भार वाहायचा होता. भार पेलण्याची चाचणी मात्र एकाच केंद्रावर झाली. दुसरे तंतोतंत तसेच असल्याचे गृहीत धरले होते; ते तसे नव्हते. शिवाय मुहूर्त साधण्यासाठी एकामागून एक व्हायच्या चाचण्या एकाच वेळी उरकल्या गेल्या. पहिल्या चाचणीतील दोष निस्तरण्यापूर्वीच दुसरी सुरू झाली, तर ती नेमके काय तपासते?

कसोटीचा दगड सोने शुद्ध करीत नाही. कस किती ते सांगतो. चाचणीचेही तसेच. तिचा निकाल प्रतिकूल आला तर तारीख पुढे ढकलण्याची तयारी हवी, अन्यथा ती केवळ सोपस्कार ठरते. भारतीय बँकांत संगणक आला तेव्हा काही काळ हाताची खतावणी आणि यंत्राची नोंद समांतर चाले. कर्मचारी दुहेरी कामाला वैतागत, हे खरे. पण रोजची तफावत रोज सापडे. पुढे कोअर बँकिंगमध्येही शाखा टप्प्याटप्प्याने जोडल्या गेल्या.

डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी टीएसबीला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. ग्राहकांना दिलेली ३ कोटी २७ लाख पौंडांची भरपाई निराळी. पुढल्या वर्षी बँकेच्या तत्कालीन माहिती-तंत्रज्ञान प्रमुखांनाही व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड झाला: पुरवठादाराची सज्जता त्यांनी पुरेशी पारखून घेतली नव्हती.

पेढीसाठी बिलिंगची नवी प्रणाली घेताना विक्रेता चार गुळगुळीत बिले काढून दाखवितो. त्याच्यापुढे आपल्या सर्वांत गर्दीच्या दिवसाची जुनी बिले ठेवावीत. परत आलेला माल, अर्धवट उधारी, बदललेला जीएसटी दर, दोन काउंटरवर एकाच क्षणी विकला गेलेला शेवटचा नग आणि बिल निघत असताना गेलेली वीज, हे सारे करून पाहावे. मग निदान एक महिना जुनी वही चालू ठेवावी.