मुलाला रेसची चाके हवी आहेत? आधी थोडा हिशेब करू या

“अम्मी, पन्नास मिलीमीटरची कार्बनची चाकं मिळाली तर माझं सिलेक्शन पक्कं!”

गेल्या वर्षी ईदनंतरच्या आठवड्यात माझ्या थोरल्या मुलाने जेवता जेवता हा विषय काढला. वय सतरा, अकरावीत. रोज फजरनंतर सायकल काढतो आणि सांगली-मिरज परिसरातले रस्ते पालथे घालून शाळेच्या वेळेला परत येतो. राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याची निवड चाचणी तीन महिन्यांवर आली होती. चाकांच्या जोडीची किंमत ४८ हजार, “पण हप्त्यावर मिळतात,” असेही त्याने सांगून टाकले. त्याच्या अब्बांनी घास तोंडात असतानाच मान हलवली. हप्त्याचे कर्ज आमच्या घरात घेत नाहीत. आणि भिशीचे ४० हजार मिळाले होते ते बारावीच्या क्लासची फी आणि स्वयंपाकघरावरचे पत्रे यांसाठी.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. वॅट आणि हवेचा दाब हे माझे विषय नव्हेत. पण नीट माहिती न घेता “हे फालतू लाड आहेत” म्हणून मुलाला गप्प बसवणे मला बरे वाटले नाही. मी त्याला म्हटले, “मला महिनाभर दे. तू शिकव, मी शिकते. मग ठरवू.” त्या महिन्यात जे समजले ते सायकलवेड्या मुलांच्या आईवडिलांसाठी इथे मांडते आहे.

हवा नेमकी कुठे अडवते?

सपाट रस्त्यावर ताशी ३५-४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि तो सोसायला लागणारी ताकद घनाच्या पटीत. म्हणजे ३० वरून ४० च्या वेगावर जायचे तर हवेसाठी लागणारी ताकद सव्वा-दीडपट नव्हे, जवळजवळ २.४ पट लागते. मुले चाकांमागे का लागतात ते इथे कळते.

जुन्या चपट्या रिंगच्या चाकात लांब लांब आरे हवा घुसळत राहतात. त्यातच चाकाचा वरचा भाग सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. खोल रिंगमध्ये आरे आखूड होतात, आणि टायरवरून सुटलेली हवा रिंगच्या गोलसर बाजूला धरून सुरळीत मागे सरकते. फायदा खरा आहे, पण केवढा? हवेच्या एकूण अडथळ्यात सुमारे तीन चतुर्थांश वाटा स्वाराच्या स्वतःच्या अंगाचा असतो. उरलेल्या चौथ्या हिश्श्यात सायकलचा सांगाडा, हँडल, पाण्याची बाटली आणि दोन्ही चाके. ४० च्या वेगावर चांगली खोल चाके साध्या चाकांपेक्षा साधारण दहाच्या आसपास वॅट वाचवतात. घोळक्यात दुसऱ्याच्या मागे दडून चालवताना हा फायदा आणखी कमी होतो.

पॅरिसमधले आठ सेकंद

मुलानेच मला एक गोष्ट सांगितली. १९८९ च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस, व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल. फ्रान्सचा लोराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. त्याच्या सायकलला पुढे आणि मागे, दोन्हीकडे बंद तबकडीची चाके होती. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडकडे तबकडी फक्त मागे. पण लेमाँडने हात पुढे जवळ घेऊन अंग लहान करता येईल असे हँडल लावले होते आणि डोक्यावर निमुळते हेल्मेट होते. फिन्योंचे डोके उघडे, केसांची शेंडी वाऱ्यावर. लेमाँडने त्या दिवशी ५८ सेकंद मिळवले आणि तीन आठवड्यांची शर्यत आठ सेकंदांनी जिंकली.

मी मुलाला विचारले, “दोन तबकड्या कोणाकडे होत्या?” तो हसला. त्याला मुद्दा कळला होता.

उतारावरची आमची प्रयोगशाळा

एका रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना आम्ही तिघे दंडोबाच्या डोंगराकडे गेलो. सौम्य, सरळ उताराचा तुकडा निवडला आणि वर खडूने खूण केली. तिथून मुलाने पेडल न मारता सायकल सोडायची, आणि खाली विजेच्या खांबापाशी वेग किती झाला ते मीटरवर पाहायचे. प्रत्येक प्रकार तीनदा.

सैल टी-शर्ट घालून, ताठ बसून ३७. त्याच शर्टात खाली वाकून, कोपरे आत घेऊन ४१. घट्ट जर्सी घालून, तसेच वाकून ४२ पेक्षा थोडा जास्त. पैसे खर्च न करता, निव्वळ बसण्याची पद्धत बदलून चार किलोमीटरचा फरक! पण खाली वाकून तो पाच मिनिटांपलीकडे टिकत नव्हता, पाठ भरून यायची. म्हणून दुसऱ्या दिवसापासून पाठीचे आणि पोटाचे व्यायाम सुरू झाले.

मग पैसा आधी कशावर?

आमच्या हिशेबाने क्रम असा लागला.

पहिले, बसणे. उंची, हँडल, सीट जाणकाराकडून बसवून घ्यावी. दुसरे, अंगाला घट्ट बसणारी जर्सी. पूर्ण बाह्यांची आणि पूर्ण पायांचीही मिळते, त्याने वेगाला काही बाधा येत नाही. तिसरे, टायर आणि ट्यूब. स्वस्त, जाड टायर आणि चांगले रेसचे टायर यांच्या जोडीत दहा ते वीस वॅटचा फरक पडू शकतो, म्हणजे महागड्या चाकांइतका किंवा त्याहून जास्त. हवा दगडासारखी टणक भरणे हाही गैरसमज. आपल्या खडबडीत रस्त्यांवर जास्त हवेने सायकल उड्या मारते आणि वेग गमावते. मुलगा १२० पीएसआय भरायचा. २५ च्या टायरला, त्याच्या ५६ किलो वजनाला ८० पुरेसे ठरले.

यानंतर चौथ्या क्रमांकावर चाके.

चाके घेताना काय पाहावे

*खोली.* रिंग जितकी खोल तितका आडवा वारा जास्त पकडते. विशेषतः पुढचे चाक, कारण हँडल त्यालाच जोडलेले असते. आयर्विन पुलावर किंवा महामार्गावर शेजारून ट्रक गेला की हलक्या अंगाच्या मुलाची सायकल हातभर सरकते. त्यामुळे ५५-६० किलोच्या मुलाला पुढे ३० ते ४० मिलीमीटर पुष्कळ. अधिक खोल घ्यायचेच असेल तर मागे घ्यावे. बंद तबकडीची चाके सामूहिक रोड रेसमध्ये चालत नाहीत. टाइम ट्रायलसाठीही आयोजकांना आधी विचारावे.

*ब्रेक.* डिस्क ब्रेक असेल तर कार्बन रिंगला अडचण नाही. पण ब्रेकचे रबर रिंगवरच दाबणारी जुनी पद्धत असेल तर जपावे. आंबा घाटासारख्या लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की स्वस्त कार्बन रिंग तापून खराब होऊ शकते, आणि पावसात ती उशिरा धरते. त्यासाठी वेगळे रबर लागते. ॲल्युमिनियम रिंगवर वापरलेले रबर तिथे चालत नाही, कारण त्यात रुतलेला धातूचा चुरा कार्बन ओरबाडतो. अशा सायकलला ब्रेकची पट्टी ॲल्युमिनियमची असलेली चाके बरी.

*वजन.* दुकानदार ३०० ग्रॅम कमी असल्याचे कौतुक सांगतात. मुलगा आणि सायकल मिळून ६४ किलो. त्यात ३०० ग्रॅम म्हणजे अर्धा टक्का. अर्ध्या तासाच्या चढाला फार तर आठ-नऊ सेकंद. सपाटीवर तर जवळजवळ काहीच नाही.

*रुंदी.* रिंगची बाहेरची रुंदी टायरच्या प्रत्यक्ष रुंदीपेक्षा साधारण पाच टक्के जास्त असावी. टायर रिंगबाहेर फुगला तर खोल रिंगचा फायदा बराचसा वाया जातो. मात्र रुंद रिंग जुन्या ब्रेकमध्ये मावते का, ते मोजून घ्यावे.

*हुकलेस रिंग.* काही नव्या रिंगांना टायर धरून ठेवणारी आतली कड नसते. त्यांना ठरावीक ट्यूबलेस टायरच लावायचे आणि हवा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर न्यायची नाही. पंक्चरच्या दुकानात सवयीने शंभरच्या वर हवा भरली तर टायर उडून मूल रस्त्यावर पडू शकते. ही गोष्ट मुलाइतकीच घरातल्या मोठ्यांनाही माहीत हवी.

*जोडणी.* मागचा गिअरचा सेट कोणत्या कंपनीचा, किती दातऱ्यांचा, एक्सल कोणत्या मापाचा, हे लिहून घेऊनच दुकानात जावे. चाक छान, पण सायकलला बसतच नाही, असे पुष्कळांचे होते.

एक ठोकर

मधल्या काळात मुलाला जुन्या कार्बन चाकांची एक जोडी सापडली. किंमत १८ हजार. फोटो झकास. आम्ही दोन हजार बयाणा देऊन चाके पाहायला घरी आणली आणि तशीच आमच्या सायकलवाल्या चाचांकडे नेली. चाचांनी आधी चाक फिरवून आउट पाहिला, हब हलवून छर्रे तपासले. मग खिशातले नाणे काढून रिंगवर सगळीकडे हलकेच टकटक करत गेले. एका जागी आवाज बदलला. तिथे स्टिकर होता. स्टिकर सोलला तर खाली आऱ्याच्या भोकापासून केसाएवढी चीर.

“बेटी, ही घाटात ताशी साठच्या वेगात तुटली असती,” चाचा एवढेच म्हणाले.

चाके परत गेली, बयाणा मात्र परत मिळाला नाही. त्या रात्री दोन हजारांचे दुःख मला झाले नाही. मुलगा झोपला आहे ना, हे मी दोनदा उठून पाहिले.

शेवटी काय घेतले?

चाचांनीच ३० मिलीमीटरच्या नव्या ॲल्युमिनियम रिंगांवर चपटे आरे घालून जोडी विणून दिली. पुढे २०, मागे २४ आरे. खर्च १३,५०० रुपये. चांगले टायर आणि लेटेक्सच्या ट्यूब ६ हजार. जर्सी आणि सायकल बसवून घेणे २,५००. बुडालेले दोन हजार धरून एकूण २४ हजार. उरलेल्या सोळा हजारांत क्लासचा पहिला हप्ता भरला. पत्र्यांना आणखी एक पावसाळा डांबर लावून काढावा लागला. हे कबूल करायला हवे.

निवड चाचणीत २० किलोमीटरला त्याची आधीची वेळ ३३ मिनिटे २० सेकंद होती, ती ३१ मिनिटे ४० सेकंदांवर आली. त्यात चाकांचा वाटा किती, पाठीच्या व्यायामाचा किती आणि रोजच्या सरावाचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. निवड चौघांची झाली, तो सहावा आला. पहिल्या चौघांपैकी एकाच्या सायकलला आमच्यापेक्षाही साधी चाके होती. मुलाने घरी येऊन ते स्वतःच सांगितले.

थोडा वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, “अम्मी, तेव्हा हप्त्यावर घेतली असती आणि तरी सहावा आलो असतो, तर मला तुमच्याकडे बघता आलं नसतं.”

वाचक भगिनींनो आणि बांधवांनो, मूल महागाची वस्तू मागते तेव्हा लगेच हो म्हणणे सोपे आणि लगेच नाही म्हणणे त्याहून सोपे. त्याच्याबरोबर बसून वही-पेन घेऊन हिशेब करायला वेळ लागतो. आम्हाला तीन महिने लागले. पण आता तो सायकलच्या दुकानात जातो तेव्हा आधी किंमत नाही, माप विचारतो. पुढची चाचणी इन्शाअल्लाह येत्या हिवाळ्यात आहे. चाके तीच आहेत, आणि तो रोज फजरनंतर निघतो.