रिव्हर्ब पेडल घ्यायचंय? आधी हॉल मोजा

देऊळगाव राजाहून मामेभावाचा फोन आला. "दादा, गिटारला रिव्हर्ब पेडल घ्यायचंय. एकच घेणार, पण सगळीकडे चाललं पाहिजे. बारा मोडवालं घेऊ का?" शिकवण्या घेऊन त्याने वर्षभर पैसे साठवलेत, त्यामुळे चुकून चालणार नाही. माझी पीएचडी खोलीतल्या आवाजावर, म्हणून उत्तर लांबलं. तेच इथे लिहितोय.

रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवा. भिंतींवरून परतणारे हजारो आवाज एकमेकांत मिसळून मागे रेंगाळतात, ते रिव्हर्ब. हा आवाज 60 डेसिबलने उतरायला लागणारा वेळ कसा काढायचा, हे हार्वर्डच्या वॉलेस सॅबाईनने शोधलं. 1895 मध्ये तिथल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं. गडी शेजारच्या थिएटरमधल्या गाद्या रात्री उचलून आणायचा आणि मोजत बसायचा! सूत्र सोपं निघालं: घनफळ गुणिले 0.161, भागिले एकूण शोषण.

आता भावाच्या ग्रुपसारखा हॉल धरू: 12 बाय 8 मीटर, उंची 4, सगळीकडे प्लास्टर. प्लास्टर आवाजाचा जेमतेम 3 टक्के भाग शोषतं. हिशोब केला तर रिकाम्या हॉलचा रिव्हर्ब येतो जवळपास 6 सेकंद. साठ माणसं येऊन बसली की तोच पावणेदोनच्या आत. कपडे आणि माणसं आवाज पितात ना.

म्हणजे बघा, दुकानात हेडफोनवर स्वर्गीय वाटलेलं पेडल या हॉलमध्ये चिखल करणार, कारण हॉलचा रिव्हर्ब आणि पेडलचा रिव्हर्ब एकावर एक चढतात. उलट बालाजीच्या यात्रेत उघड्यावर वाजवायचं असेल तर भिंतच नाही. तिथे सगळं काम पेडलनेच करायचं. म्हणून 'सगळीकडे चालणारं' म्हणजे मोड जास्त असलेलं नव्हे. डिके अर्ध्या सेकंदापर्यंत खाली येतो का? मिक्स पार शून्यावर जातो का? टोनने वरचे सूर मऊ करता येतात का? हे बघायचं.

प्री-डिले मिळाला तर सोडू नका. मूळ सूर आणि त्याचा रिव्हर्ब यांत तो थोडी फट ठेवतो. 30 मिलिसेकंदांत आवाज साधारण 10 मीटर जातो. एवढ्या फटीनेही तारेचा पहिला ठोका स्पष्ट राहतो.

मोडांचं म्हणाल तर स्प्रिंग, प्लेट आणि हॉल पुरेत. स्प्रिंग म्हणजे ॲम्पमधल्या खऱ्या स्प्रिंगची नक्कल. प्लेट ही 1957 च्या ईएमटी 140 या यंत्राची. लोखंडी पत्र्याचं ते धूड पावणेतीनशे किलोंच्या आसपास होतं, आज तळहातावर मावतं. स्टिरिओला जास्त पैसे देऊ नको म्हटलं, ग्रुपकडे स्पीकर एकच आहे.

भावाने सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "आणि शिमर?" शिमरमध्ये रेंगाळणारा आवाज एक सप्तक वर चढवून परत आत सोडतात, थोड्या वेळाने ऑर्गन वाजतोय असं वाटतं. गरज काहीच नाही. पण ते त्याला हवंच आहे.