अंगठ्याएवढी पाटी : संगणकीय खेळ विकणाऱ्यांसाठी व चित्रकार बांधवांसाठी

दुकान टाकणारा माणूस माल भरण्याआधी पाटीचा विचार करतो. येथे अत्तर मिळते की चप्पल, हे गिऱ्हाईक पाटीवरूनच ओळखते. आता एक माल असा निघाला आहे की ज्याचे दुकान रस्त्यावर नाही आणि पाटीही पत्र्याची नाही. हा माल म्हणजे संगणक व मोबाइलवरील खेळ. दुकानाच्या पानावर दिसणारे अंगठ्याएवढे चित्र, ज्याला थंबनेल म्हणतात, तीच त्याची पाटी. 'स्टीम' या दुकानात त्याला कॅप्सूल असे नाव आहे.

आपल्या समाजातील काही होतकरू तरुण दोघे-चौघे मिळून, मोठ्या कंपनीच्या आधाराविना, स्वतःचा खेळ बनवू पाहतात. अशा स्वतंत्र निर्मात्यांना 'इंडी' म्हणतात. दुसरीकडे पाट्या रंगविणारे पेंटर व कातिब यांचे काम फ्लेक्सने आणि संगणकाच्या तयार अक्षरांनी कमी केले. या दोघांनी एकमेकांना ओळखले पाहिजे, कारण एकाला जे हवे ते दुसऱ्याच्या हातात आहे.

एवढ्याशा चित्राचे मोल काय?

स्टीमवर खेळ ठेवण्यासाठी दर खेळामागे १०० डॉलर भरावे लागतात. विक्री १००० डॉलरच्या पुढे गेल्यावर ही रक्कम परत मिळते. पण खरा खर्च मेहनतीचा असतो. वर्ष-दोन वर्षे खपून खेळ तयार होतो आणि दुकानात तो शेकडो खेळांच्या रांगेत उभा राहतो. गिऱ्हाइकाला तेथे चित्र, नाव आणि किंमत एवढेच दिसते. चित्राने त्याची नजर थांबवली नाही, तर आतले पान तो उघडतच नाही, मग खेळ कितीही चांगला असो.

मापे आधी, चित्र नंतर

शिंपी आधी माप घेतो. येथेही तसेच करावे. स्टीमच्या आडव्या 'हेडर' चित्राचे माप ९२० बाय ४३० पिक्सेल, उभ्याचे ७४८ बाय ८९६ आणि लहान आडव्याचे ४६२ बाय १७४ आहे. लहान चित्र स्टीम आणखी लहान करून १२० बाय ४५ पिक्सेलपर्यंत नेते. गूगल प्लेवर चिन्ह ५१२ बाय ५१२ व वरचे आडवे चित्र १०२४ बाय ५०० लागते. 'इच' नावाच्या दुकानात ६३० बाय ५०० हे माप चांगले चालते.

एकच चित्र ताणून किंवा कापून सर्व मापांत बसवू नये. उभ्या चित्रात आकृती वर आणि नाव खाली शोभते. आडव्यात दोन्ही शेजारी येतात. सर्वांत लहान मापात तर चित्र जवळपास सोडून द्यावे आणि नावानेच जागा भरावी. गूगल प्ले चिन्हाचे कोपरे आपोआप गोल करते, म्हणून कोपऱ्यात महत्त्वाचे काही ठेवू नये.

पेंटरची जुनी विद्या

जाणता पेंटर पाटी रंगवून झाल्यावर रस्ता ओलांडून पलीकडून ती पाहतो. दुरून अक्षर वाचता आले तरच काम पुरे. छोट्या चित्राचा नियम हाच आहे. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. एकच मुख्य वस्तू घ्यावी. खेळातील सारी पात्रे, शत्रू व महाल एका चित्रात कोंबले की लहान मापात नुसता चिखल दिसतो.

२. उजेड-अंधाराचा फरक ठेवावा. चित्र काळे-पांढरे करून पाहावे. मुख्य आकृती मागच्या रंगात मिसळत असेल, तर रंग कितीही भडक असले तरी उपयोग नाही. स्टीमचे पान गडद रंगाचे आहे, तेथे काळ्या कडांचे चित्र पानात बुडून जाते.

३. नाव ठळक व थोडक्या शब्दांत असावे. बारीक रेघांची नक्षीदार अक्षरे मोठ्या मापात सुंदर, लहानात अदृश्य होतात.

४. खेळाची जात कळावी. डोके लढविण्याचा खेळ असेल तर तलवार दाखवू नये. शर्यतीचा असेल तर वेग दिसला पाहिजे.

५. शेजार पाहावा. त्याच जातीचे दहा-बारा खेळ मांडून त्यांच्यामध्ये आपले चित्र ठेवावे. सर्वांचे निळे असेल, तर आपले केशरी उठून दिसेल.

शेवटी हे चित्र खेळ न पाहिलेल्या माणसाला क्षणभर दाखवावे आणि काय दिसले ते विचारावे. त्याला सांगता आले नाही तर त्याच्याशी वाद घालू नये, चित्र सुधारावे.

परदेशी वळणाची नक्कल करण्याचीही गरज नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. त्यात राजस्थानी वास्तू व पहाडी चित्रशैलीचा आधार घेतला आणि तीच त्याची ओळख झाली. सजीवांची चित्रे काढण्यास ज्यांचे मन धजत नाही, त्यांनी इराणच्या महदी बहरामी यांचा २०१७ सालचा 'एंगारे' पाहावा. तो खेळच मुळी इस्लामी भौमितिक नक्षीवर उभा आहे.

पाटीवर तेच, जे आत आहे

स्टीमने १ सप्टेंबर २०२२ पासून नियम केला आहे की या चित्रात खेळाचे चित्र, नाव व अधिकृत उपशीर्षक एवढेच असावे. बक्षिसे, परीक्षकांचे गुण किंवा सवलतीचा मजकूर त्यावर लिहिता येत नाही. गूगल प्लेनेही २०२१ पासून चिन्हावर व नावात 'सर्वोत्तम', 'क्रमांक एक' असे दावे करण्यास मनाई केली. ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने २०२० साली 'होमस्केप्स' व 'गार्डनस्केप्स' यांच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरविल्या, कारण जाहिरातीत दाखविलेला खेळ आतल्या मुख्य खेळाशी जुळत नव्हता.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतला माल ओला लागला. पावसाने भिजल्याचे व्यापाऱ्याने सांगितल्यावर, ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले. फसवे चित्र म्हणजे वर कोरडे धान्य पसरणेच होय. त्यात धंद्याचेही नुकसान आहे : फसलेले गिऱ्हाईक पैसे परत मागते आणि वाईट अभिप्राय लिहून जाते.

अरबी-उर्दू अक्षरांची जबाबदारी

अनेक परदेशी खेळांत अरबी अक्षरे सुटी सुटी व उलट्या दिशेने छापलेली आढळतात. डच-इजिप्शियन निर्माते रामी इस्माईल यांनी ही चूक वर्षानुवर्षे जाहीरपणे दाखवून दिली आहे. ज्यांना ही लिपी येते त्यांनी असे काम तपासून देण्याची सेवा द्यावी, तो स्वतंत्र रोजगार होऊ शकतो. त्याचबरोबर पवित्र मजकूर शोभेसाठी कधीही वापरू नये. २०२१ साली 'कॉल ऑफ ड्यूटी : व्हॅनगार्ड' या खेळात कुरआनची पाने जमिनीवर पडलेली दिसली, तेव्हा कंपनीला माफी मागून तो भाग काढावा लागला.

व्यवहार लिहून ठेवा

मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण सूरह अल्-बकराच्या २८२व्या आयतीत आहे. चित्रकार व निर्माता यांनी ती पाळावी. किती मापांची चित्रे, किती वेळा दुरुस्ती, पैसे कधी, चित्राचे हक्क कोणाकडे, थरांसह मूळ फाइल मिळणार की नाही, हे सर्व आधी ठरवावे. नावाची अक्षरे चित्रापासून वेगळ्या थरात ठेवून घ्यावीत, म्हणजे दुसऱ्या मापासाठी ती हलविता येतात. अक्षरसंचाचा परवाना तपासावा. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेले चित्र वापरल्यास जानेवारी २०२४ पासून स्टीमला तसे कळवावे लागते, ते लपवू नये.

हिशेब पाहा

पाटी किती जणांनी पाहिली हे रस्त्यावरचा दुकानदार मोजू शकत नाही, येथे ते मोजता येते. स्टीम निर्मात्याला चित्र किती वेळा दिसले आणि किती जण पानावर आले हे दाखविते. गूगल प्लेवर दोन चिन्हे वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना दाखवून तुलना करता येते. चित्र पुष्कळांना दिसले पण आत थोडेच आले, तर चित्र बदलावे. पुष्कळ आत आले पण घेतले थोड्यांनीच, तर चित्र खोटी आशा लावते आहे का, की किंमत व पानावरील माहिती चुकते आहे, हे तपासावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

तरुणांनी खेळ पूर्ण होईपर्यंत चित्राचे काम लांबवू नये, आणि पहिल्या दिवसापासून त्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. पेंटर व कातिब बांधवांनीही आपले चार नमुने या मापांत तयार करून ठेवावेत. हाताची कला तीच आहे, फक्त पाटी लहान झाली आहे.